औंधचा सभामंडप आणि किर्लोस्करवाडी : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे स्मरण

मंदिर उभे राहिले की देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट आणि कामावर देखरेख करणारा मिस्त्री यांची नावे मात्र बहुधा रोजकीर्दीतच राहतात. आपल्या देवळाचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या व देणगीदारांच्या सहकार्याने पुरा होत असताना अशाच एका बांधणाऱ्याची हकीकत या स्मरणिकेत द्यावी असे योजिले आहे. हा मनुष्य देवळांचा कंत्राटदार म्हणून प्रसिद्ध नाही. नांगराचा कारखानदार म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण पोटाचा उद्योग गावातून उठवावा लागला त्या अडचणीच्या दिवसांत हाती आलेले काम औंधच्या देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे होते, आणि पुढचे सारे त्याच संबंधातून घडले, हे अनेकांच्या ध्यानात नसते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही गाव हेच. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. अशा घरातील मुलाने शिकावे, सरकारी नोकरी धरावी आणि घराण्याचे नाव राखावे अशी अपेक्षा असणे साहजिक होते. पण लक्ष्मणाचे मन शाळेत रमेना. दोनच गोष्टींचा नाद, एक चित्रे काढणे आणि दुसरा यंत्रे उघडून पाहणे. वडिलांना हे पसंत नव्हते. थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना पुढे सर्वजण रामूअण्णा म्हणत, त्यांनी पैशाची तजवीज केली आणि १८८५ साली धाकट्या भावाला मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठविले. थोरल्या भावाने त्या वेळी हात आखडता घेतला असता तर पुढचे काहीच घडले नसते. या घराच्या इतिहासात पैसा पुष्कळ वेळा संपला, भावाभावांतला विश्वास संपल्याचे कोठे दिसत नाही.

चित्रकला शिकताना एक विचित्र अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट ओळखू येत नसे. चित्रकाराला याहून मोठी आपत्ती कोणती? दुसरा एखादा खचून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाटने काढण्याचे शास्त्र त्यांनी आत्मसात केले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते ड्रॉइंगचे शिक्षक झाले. शिकवून झाल्यावर उरलेला वेळ तेथील वर्कशॉपमध्ये जाई. हातात हातोडी आणि कानस धरण्याची त्यांना लाज वाटत नसे, आणि त्या काळच्या पांढरपेशा समाजात हे थोडे नवलाचेच होते.

मुंबईत तेव्हा सायकली नव्या होत्या. लक्ष्मणरावांनी त्या पाहिल्या, चालवायला शिकले आणि बेळगावात रामूअण्णांना पाठवू लागले. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला बसायलाही शिकवीत. १८८८ साली सुरू झालेल्या या दुकानावर ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी लागली. पुढे हेच नाव जगभर गेले, पण त्याचा आरंभ दोन भावांच्या सायकल-दुकानात आहे. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड या नावाचा रस्ता आहे.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. १८९७ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. घरी बायको, डोक्यावर संसार आणि महिन्याचा ठरलेला पगार बंद! नोकरदार माणसाला याचा अर्थ समजावून सांगणे नलगे.

बेळगावात छोट्या वर्कशॉपमध्ये प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले. मग त्यांचे लक्ष नांगराकडे गेले. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरतो, पण खालची माती उलटवून वर आणीत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा माजला की लाकडी नांगराने त्याच्या मुळ्या निघत नाहीत. शेतकरी बैलांमागून बैल जुंपतो आणि वर्षाआड तेच तण पुन्हा उभे राहते. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचा पंखा माती पालथी करतो, त्यामुळे मुळ्या उन्हात पडून वाळतात. विलायती नांगर बाजारात होते, परंतु ते महाग, आणि त्यांचा एखादा भाग मोडला तर नवा कोठून आणायचा? येथल्या बैलाला झेपेल, येथल्या जमिनीला मानवेल आणि ज्याचा झिजलेला फाळ शेतकऱ्याला सहज बदलता येईल असा नांगर करावा हे लक्ष्मणरावांनी मनावर घेतले.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, अशी समजूत लोकांत पक्की होती. आज याचे हसू येते. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ज्याच्याकडे एकच शेत आहे त्याने त्यावर परक्याच्या शब्दावर प्रयोग कसा करावा? एक हंगाम बुडाला तर सावकार दारात उभा. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. तेवढा काळ तयार माल शेडमध्ये पडून, कारागिरांची मजुरी चालू आणि पैसा अडकलेला. ज्या थोड्या शेतकऱ्यांनी धाडस करून नांगर नेले त्यांची शेते बोलू लागली, तेव्हा कोठे मागणी सुरू झाली.

आणि धंदा मूळ धरतो आहे तोच बेळगाव म्युनिसिपालिटीकडून जागा खाली करण्याचा हुकूम आला. शहराची वाढ करायची होती आणि कारखान्याची जागा त्या योजनेत जात होती. कागदोपत्री पाहता यात कोणाचा दुष्टावा दिसत नाही. पण ज्याच्या हाती अशी नोटीस पडते त्याला योजनेचा नकाशा दिसत नाही, त्याला आपली भट्टी, आपले लेथ आणि आपल्या भरवशावर असलेली माणसे दिसतात. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीचे होते. थोरला मुलगा शंतनू, जन्म १९०३, अजून सहा-सात वर्षांचा. नवी जागा घ्यायला गाठीला पैसा नाही.

या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांनी त्यांना बोलावून घेतले. बाळासाहेब १९०९ साली गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, कलावंतांचे आश्रयदाते, पुढे सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून सर्वांना ठाऊक झाले. चित्रकलेचा धागा दोघांनाही जोडणारा. औंधच्या देवीच्या मंदिराला सभामंडप उभारायचा होता, ते काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपविले.

सभामंडप म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला विचारावे. गाभाऱ्यात देव असतो, पण गाव बसते ते सभामंडपात. तेथेच कीर्तन होते, सप्ताहाला वीणा उभा राहतो, उन्हातान्हाचा वाटसरू पाठ टेकतो आणि भाऊबंदकीचा तंटा पाच माणसांसमोर मिटतो. कारखाना उठलेल्या माणसाला राजाने दानधर्म म्हणून पैसे दिले नाहीत, काम दिले. आणि लक्ष्मणरावांनीही यंत्राचा माणूस इमारतीच्या कामात कशाला, असा विचार केला नाही. हाताखालच्या कारागिरांच्या चुली त्या कामावर पेटत राहणार होत्या, हे त्यांना पुरेसे होते.

काम पाहून बाळासाहेबांची खात्री पटली. आपल्या संस्थानात कारखाना काढा, जागा मी देतो, असे त्यांनी सांगितले. औंध संस्थान म्हणजे एकसलग मुलूख नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. त्यांपैकी कुंडलच्या हद्दीत, कुंडल रोड या रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन देण्यात आली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ मिळाले. स्टेशन जवळ असणे हा मोठा फायदा होता, कारण लोखंड आणि कोळसा आणायला आणि तयार नांगर पाठवायला रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. बाकी जागेचे वर्णन काय करावे? माळरान, खडक, उभा निवडुंग आणि त्यात नाग. शेतसाऱ्याच्या दृष्टीने ज्याला कोणी विचारले नसते असा तो पड होता.

१० मार्च १९१० रोजी तेथे वस्तीला आरंभ झाला. सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह आले. बेळगाव हे शहर. तेथली माणसे उठून अशा माळावर झोपड्यांत राहायला आली, ती कोणत्या पगाराच्या आशेने? त्या वेळी पगार वेळेवर मिळेल याचीदेखील शाश्वती नव्हती. ही माणसे लक्ष्मणरावांच्या शब्दावर आली. लक्ष्मणरावांची पत्नी राधाबाई मुलांसह त्याच माळावर राहिल्या. मालकाचा वाडा आधी आणि कामगारांचे बघू मागून, असा प्रकार नव्हता. प्लेगाच्या साथी त्या वर्षांत गावोगाव फिरत होत्या, तान्ही मुले सांभाळून उघड्या रानात संसार मांडणे कसे असेल ते घरातल्या बायाच जाणतात. अशा ठिकाणी पुरुषांच्या कर्तृत्वाची वर्णने पुष्कळ होतात आणि चूल सांभाळणारीचे नाव एका ओळीत उरकले जाते. येथेही अधिक माहितीअभावी तसेच होत आहे, ही उणीव वाचकांनी ध्यानात घ्यावी.

वाडीच्या आखणीचे काम रामूअण्णांनी उचलले. घरे कोठे, रस्ता कोठे, पाणी कोठून, सांडपाणी कोठे, झाडे कोणती, हे सर्व त्यांच्याकडे. यंत्रांचे काम शंभूराव जांभेकरांकडे. हिशेब व पत्रव्यवहार मंगेशराव रेगे यांच्याकडे. अनंतराव फळणीकर हे शिक्षण अर्धवट सोडून आलेले, पण डोके असे की नव्या यंत्राची कल्पना त्यांनी मांडावी आणि ती कारखान्यात उतरावी. के. के. कुलकर्णी हे पडेल ते काम करणारे. परीक्षेचा कागद पाहून माणूस निवडण्याची पद्धत असती तर यांतले कितीजण निवडले गेले असते कोण जाणे. लक्ष्मणरावांना माणसाच्या हातातले कसब दिसे.

रखवालदारांची गोष्ट तर विलक्षण आहे. माळावर कारखाना म्हणजे चोरीचे भय आलेच. लक्ष्मणरावांनी रखवालीला ठेवले ते दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांना. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या ही त्यांतली दोन नावे. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवायचे, पोलिसांनी ज्यांची हजेरी घ्यायची, त्यांच्या हाती कारखान्याची रात्र दिली. लोकांनी वेड्यात काढले असणार. पण ती माणसे विश्वासाला जागली. औंध संस्थानात पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली व ती देशभर गाजली, तिच्या किती तरी आधीची ही गोष्ट आहे.

वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असाही दंडक होता. १९१० च्या सुमारास आपल्या भागात पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या आणि देवळाची पायरी काहींना दुरूनच पाहावी लागे. देवळाच्या स्मरणिकेत हे लिहिणे काहींना रुचणार नाही, तरीपण लिहिले पाहिजे. नव्या माळावर नवे गाव वसविताना जुन्या गावाची ही गोष्ट त्यांनी बरोबर नेली नाही.

निवडुंग तोडून तेथे गुलाब लावले गेले. शंतनुरावांनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे नाव दिले त्याचे मूळ या माळावर आहे. टाटांचे जमशेदपूर ज्या वर्षांत आकार घेत होते त्याच वर्षांत आपल्या भागात हे गाव वसत होते. भांडवल टाटांच्या मानाने नगण्य. तरीही शाळा झाली, दवाखाना झाला, पोस्ट झाले, आणि कामगाराच्या घरापुढे फुलझाडे दिसू लागली.

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ पासून, परदेशी लोखंड व कोळसा मिळणे कठीण झाले. त्या वेळी संस्थानांच्या किल्ल्यांत गंजत पडलेल्या जुन्या तोफा विकत घेऊन वितळविण्यात आल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्ट्या चालविल्या. परदेशी मालाची आवक थांबल्यामुळे देशी नांगराची मागणी उलट वाढली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप होऊ लागले. आपल्या कृष्णाकाठी मोटेच्या जागी पंप आला त्याची पुढची कथा सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हेही एके काळी किर्लोस्कर नांगराच्या प्रचारासाठी गावोगाव हिंडत. त्या हिंडण्यात त्यांनी खेड्यातले अज्ञान जवळून पाहिले आणि १९१९ साली काले येथे संस्थेचा पाया घातला.

पुतणे शंकरराव, सोलापूरचे डॉक्टर वासुदेवराव या बंधूंचे चिरंजीव, हे चित्रकार आणि लेखणीचे बहाद्दर. काकांनी त्यांना वाडीत बोलावून घेतले. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगराची जाहिरात करणारे हे छोटे पत्रक वाढत वाढत महाराष्ट्रातले अग्रगण्य मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिकेही तेथूनच निघाली. एका माळावरच्या खेड्यातून निघालेली मासिके पुण्या-मुंबईच्या घरांत वाट पाहून वाचली जात, आणि ‘स्त्री’ने तर किती सासुरवाशिणींना आपले म्हणणे कागदावर मांडायला शिकविले. लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने शंकररावांनीच लिहिले.

मुलांच्या बाबतीत लक्ष्मणरावांनी स्वतःच्या वडिलांहून निराळी वाट धरली. ज्याला यंत्राची आवड त्याला यंत्र. १९२२ साली शंतनुरावांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पाठविले. १९२६ साली ते इंजिनिअर होऊन परतले. मुलगा शिकून आला म्हणून त्याला खुर्चीत बसविले नाही, कारखान्याच्या कामातूनच त्याला वर यावे लागले. राजाराम, प्रभाकर, रवींद्र ही धाकटी मुलेही उद्योगातच वाढली. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिने आणि त्याच वर्षी बंगलोरला विजेच्या मोटारी, असा विस्तार या पुढच्या पिढीने केला. एका घरातले भाऊ, मुले, पुतणे इतकी वर्षे एकाच उद्योगात राबले. आपल्याकडे बांधावरून वाटणी होते आणि विहिरीवरून कोर्ट चढते, हे तालुक्याचे दप्तर रोज सांगते. त्या मानाने ही गोष्ट मोठीच.

कुंडलचा हा परिसर पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या चळवळीने गाजला. स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीलाही आग लावली. अडतीस वर्षांच्या श्रमाने उभा केलेला कारखाना जळाला. त्या दिवसांविषयी आपल्या भागात अजूनही लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. ज्या कारखान्याने शेतकऱ्याच्या घरात नांगर नेला तो शेतकऱ्यांच्याच मुलुखात जळावा, याला काय म्हणावे? लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. घर आणि कारखाना गमावलेल्या कितीतरी कुटुंबांनी त्या साली खेडी कायमची सोडली. किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही. राखेतून भट्ट्या पुन्हा बांधल्या गेल्या, यंत्रे पुन्हा बसविली गेली आणि कामगार पुन्हा भोंग्यावर कामाला जाऊ लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. कुंडल रोड म्हणून ज्या स्टेशनावर बेळगावचे सामान उतरले त्या स्टेशनाचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे. औंधास यमाईच्या दर्शनाला आपल्या गावातून दरवर्षी मंडळी जातात. त्यांनी परतताना थोडी वाट वाकडी करून ही वाडीही पाहून यावी.